मांगलीच्या लाल गोट्यातलं रुंद तोंड

बुटीबोरी ओलांडली तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. मामांनी गाडी एका नाल्याच्या पुलाजवळ कडेला घेतली. मी बॅग उघडून पाहिली. वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेली खाकी कागदाची आकृती कोरडी होती. इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या १८५५ सालच्या लेखातल्या चित्रावरून मी ती आदल्या रात्री कापली होती. मागे रुंद, पुढे गोलाई घेत आखूड झालेली, एखाद्या पसरट सुपासारखी. पुढच्या कडेला अगदी चिकटून दोन भोकं, म्हणजे डोळ्यांच्या खाचा.

ही आकृती ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या प्राण्याच्या कवटीची. ब्रॅकिऑप्स म्हणजे आखूड चेहऱ्याचा, लॅटिसेप्स म्हणजे रुंद डोक्याचा. ट्रायासिक काळाच्या सुरुवातीला, आजपासून साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी, गोड्या पाण्यात राहणारा हा उभयचर. त्याची कवटी सापडली ती आपल्या विदर्भात, नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवरच्या मांगलीत. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. जन्म नागपूरचा, कॉलेजची वर्षं हिस्लॉप कॉलेजच्या फाटकावरून सायकल दामटण्यात गेली, आणि ती कवटी लंडनला पाठवणाऱ्यांपैकी एक हिस्लॉप हेच होते हे मात्र कुणी सांगितलं नाही. कळल्यापासून मांगलीला जायचंच हे डोक्यात बसलं होतं. मामा निवृत्त होऊन मोकळे झाले, जूनचा शेवटचा आठवडा आला, आणि निघालो.

मामांनी ३४ वर्षं कोळसा खाणीत सर्व्हेचं काम केलं. जमिनीकडे ते ज्या नजरेने पाहतात ती मला कधी जमणार नाही. मी रस्ता बघतो, ते रस्त्याच्या खाली काय असेल ते बघतात.

"इथं कायले थांबलो मामा?"

"तुह्या त्या हिस्लॉपसाठी," ते म्हणाले. "इकडंच कुठंतरी बुडाला ना तो?"

त्यांना आठवण होती. आदल्या आठवड्यात मी फोनवर सगळं सांगितलं होतं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ साली ते नागपूरला आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. शाळा काढणं आणि धर्माचा प्रचार हे त्यांचं काम, पण पाय सतत माळरानात आणि नजर दगडात. १८४७ साली त्यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून नागपूरच्या आसपासचा मुलूख पायाखाली घातला. १८५१ साली टाकळीजवळ फिरताना त्यांना दगडात शंख-शिंपले दिसले आणि तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कामठीच्या वालुकाश्मातली ग्लॉसॉप्टेरिसची जिभेसारखी पानं, वरोऱ्याकडच्या पिसदुऱ्याची डायनोसॉरची हाडं, आणि मांगलीची ही कवटी. पुढे हंटर मायदेशी परतले, हिस्लॉप इथेच राहिले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटला गेले होते. तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आले होते आणि हिस्लॉप त्यांच्यासोबत होते. इतर लोक पुढे बोरीच्या मुक्कामाकडे गेले. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने नाला फुगलेला होता. मुक्कामावर पोचला तो त्यांचा रिकामा घोडा. शोधायला गेलेल्या लोकांना पाण्यात ते सापडले. वय ४५.

आम्ही थांबलो तो नाला तोच होता असं मी म्हणत नाही. पण पाणी गढूळ होतं, वेगात होतं, आणि काठाची काळी माती सपासप आत ढासळत होती. मामा पुलाच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "शाळा तपासाले थांबला," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

हिस्लॉप यांच्याबद्दल मला आदर आहे. ते धर्मांतर करायला आले होते, त्या बाजूने पाहणाऱ्याचं मत वेगळं असू शकेल आणि ते मी समजू शकतो. पण गोंडांची गाणी, लिंगोची कथा त्यांनी ज्या निगुतीने उतरवून घेतली, त्यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनी १८६६ साली ती छापली, ते वाचलं की हा माणूस ऐकायला बसलेला होता हे कळतं. पुढे याच गोंडांच्या मुलखावरून इथल्या खडकांना गोंडवाना हे नाव मिळालं, आणि भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ साली ते उचलून दक्षिणेकडच्या त्या जुन्या जोडखंडाला दिलं. ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि भारत एकत्र होते त्याला आज जगभर जे नाव आहे, ते आपल्या गोंडांचं आहे.

जामच्या पुढे ऊन निघालं. दोन्हीकडे काळी माती, नुकती पेरणी झालेली, मधूनच कपाशीच्या सऱ्या. कोळशाचे ट्रक समोरून येत होते आणि प्रत्येक ट्रकमागून ओल्या कोळशाचा तो विशिष्ट वास. मामा बोलते झाले.

"ही काळी माती म्हणजे वरची गोधडी. खाली बेसॉल्ट. तो संपला का आपला गोंडवाना सुरू. आमी खाणीत ओबी काढत होतो ना, कोळशाच्या वरचं सगळं, तेच ते. लाल, पिवळा वाळूचा दगड. आमच्या कामाचा नाई म्हणून डंपरनं नेऊन टाकायचा."

ओबी म्हणजे ओव्हरबर्डन. खाणीच्या भाषेत तो नुसता भार. मांगलीचे थर मात्र त्याच गोंडवाना खडकांच्या वरच्या पानांपैकी. गोष्टीची उतरंड अशी आहे. सर्वांत खाली पर्मियन काळातल्या दलदलीचा कोळसा, ग्लॉसॉप्टेरिसच्या रानांचा. मग साधारण २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरचा सर्वांत मोठा संहार झाला, समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या, जमिनीवरची रानं कोसळली. त्यानंतरच्या काळात इथल्या एखाद्या उथळ पाण्यात ब्रॅकिऑप्स राहत होता. आणि या सगळ्यावर फार उशिरा, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, दख्खनचा लाव्हा पसरला, ज्याची आपण काळी माती म्हणून शेती करतो. ब्रॅकिऑप्सपासून लाव्हापर्यंतचं अंतर हे लाव्हापासून आपल्यापर्यंतच्या अंतराच्या अडीचपटीहून जास्त आहे. गाडीत बसून हे आकडे बोलायला सोपे जातात. खिडकीतून तीच जमीन दिसत असताना ते अंगावर येतात.

हमरस्ता सोडून आत वळल्यावर तीनदा विचारावं लागलं. मांगली नावाची गावं विदर्भात बरीच, आणि प्रत्येकाला आपल्या ओळखीचीच मांगली ठाऊक. शेवटी एका पानठेल्यावर मामांनी मांगलीऐवजी "लाल गोटा कुठं लागते?" असं विचारलं आणि रस्ता सापडला. हा प्रश्न मला सुचला नसता.

गावात शिरताच तो दगड दिसला. एका जुन्या घराचा ओटा त्याच दगडाचा होता. गडद लाल, विटेच्या रंगाकडे झुकणारा, आणि पोत इतका बारीक की बोट फिरवलं तर वाळू लागत नाही, मातीच्या भांड्यासारखा लागतो. हिस्लॉप-हंटर यांच्या काळात हा दगड बांधकामासाठी काढला जायचा. म्हणूनच तर कवटी हाती लागली. खाणकाम नसतं तर ती अजूनही जमिनीच्या पोटातच असती.

ओट्यावर एक काकाजी बसले होते. डोक्याला दुपट्टा, समोर अडकित्ता आणि सुपारी.

"कुठचे होय जी पाहुणे?"

"नागपूरचे, काकाजी."

"मंग काय पाह्यता त्या ओट्याकडं?"

"गोटा पाह्याले आलो."

त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सोनं-गिनं निघते का जी त्याच्यातून?"

मामा त्यांच्या शेजारी टेकले. खाणीतला माणूस आणि शेतकरी यांचं पाच मिनिटांत जुळतं. कोणत्या विहिरीला किती हातावर पाणी, कुठे लाल थर लागतो, कुठे पिवळा, हे सगळं बोलून झालं. काकाजींच्या आज्याच्या वेळी गावाबाहेरून हा गोटा बैलबंडीने जायचा, असं ते म्हणाले. ती जागा आता बुजली होती, खोलगट भागात बाभळी वाढल्या होत्या. ते आम्हाला दाखवायला उठले, आणि त्यांच्यामागे त्यांचा नातू निघाला, नऊ-दहा वर्षांचा, अनवाणी.

खोलगटात पावसाचं पाणी साचलं होतं. काठाला दगडाचे तुकडे विखुरलेले, काही लाल, काही पिवळसर. मी एक पातळ तुकडा उचलला. तो थरांमधूनच फुटलेला होता, पुस्तकाचं पान उलटावं तसा. खिशातून भिंग काढलं आणि दगड तिरका धरून उन्हाकडे फिरवला. सरळ उन्हात काही दिसत नाही, तिरप्या उजेडातच बारीक उंचवटे सावली टाकतात. पहिल्या तुकड्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावरही. चौथा की पाचवा असेल, त्याच्या पृष्ठभागावर लंबगोल ठसे दिसले, मुगाच्या डाळीसारखे, आणि प्रत्येकावर एकात एक अशा बारीक वक्र रेषा, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या. एक, दोन, मग डोळा सरावला आणि सगळा तुकडाच त्यांनी भरलेला दिसला.

माझा हात थरथरत होता हे मामांनी पाहिलं. "काय निघालं रे?"

हे एस्थेरियाचे शिंपले. दिसायला शिंपला, पण आत राहणारा प्राणी कोळंबीच्या नात्यातला, दोन झडपांच्या डबीत स्वतःला मिटून घेणारा. मांगलीच्या याच दगडातल्या ठशांवरून टी. रूपर्ट जोन्स यांनी १८६२ साली त्या जातीला नाव दिलं एस्थेरिया मांगलिएन्सिस. मी काकाजींना सांगितलं की तुमच्या गावाचं नाव या किड्याला लावलंय, जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात जा, ते सापडेल. त्यांनी भिंग घेतलं, डोळ्याला लावलं, दगड लांब धरला, मग जवळ आणला.

"आमच्या मांगलीचं?"

"हो जी."

त्यांनी तो तुकडा दुपट्ट्याच्या टोकाने पुसला. पुसायची गरज नव्हती, ओला तर तो नव्हताच. मला ते फार आवडलं.

या शिंपल्यांवरून त्या वेळची जागा समजते, म्हणून मी त्यांच्यापाशी एवढा रेंगाळतोय. त्यांचे आजचे भाऊबंद पावसाच्या पाण्याने साचणाऱ्या, काही आठवड्यांत आटणाऱ्या डबक्यांत राहतात. डबकं आटलं की प्राणी मरतो, पण अंडी चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणजे मांगलीत तेव्हा नुसता मोठा जलाशय नव्हता, भरणारं आणि आटणारं पाणीही होतं. आमच्या पायाशी होतं तसंच.

मी पुठ्ठे उघडून खाकी आकृती बाहेर काढली. पोराने लगेच विचारलं, "हे काय होय?"

"हे एका जनावराचं डोकं. ते इथंच राहत होतं."

त्याने आकृती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि मग स्वतःच्या चेहऱ्यावर मुखवट्यासारखी धरून पाहिली. भोकांतून त्याचे डोळे दिसले. "याचे डोळे कायले एवढे समोर आहे? तोंडाच्या टोकावर?"

चित्र पाहणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कुणीच हा प्रश्न मला विचारला नव्हता. आणि ब्रॅकिऑप्सबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे. मगरीचे डोळे मागे असतात, पुढे लांबलचक जबडा. या प्राण्याला लांब जबडाच नाही. कवटीचा बहुतेक भाग डोळ्यांच्या मागे आहे, रुंद आणि चपटा. नाकपुड्या टोकाशी, त्यांच्या लगेच मागे डोळे, आणि नजर वरच्या बाजूला. या घराण्यातले प्राणी पाण्याच्या तळाशी किंवा काठाला निवांत पडून राहत, आणि मासा जवळ आला की एवढं रुंद तोंड एकदम उघडत. तोंडात पोकळी झाली की पाणी आत ओढलं जातं, पाण्याबरोबर मासाही. धावून पकडायचं नाही, गिळून घ्यायचं, असं अभ्यासक मानतात. कवटीच्या हाडांवर बारीक खळगे असतात आणि त्यांतून जाणाऱ्या पन्हळीसारख्या रेषा. त्या रेषांमध्ये पाण्याची हालचाल जाणवणारी इंद्रियं असायची, माशांच्या अंगावरच्या रेषेसारखी. गढूळ पाण्यात डोळा चालला नाही तरी चेहरा चालायचा.

पोराने पुढचा प्रश्न विचारला, "आणि बाकीचं आंग?"

बाकीचं अंग सापडलं नाही. या जातीची एकमेव कवटी जगाला माहीत आहे, तीच ही. पाय, शेपूट, बरगड्या सगळं नातेवाइकांवरून ताडायचं, म्हणजे चपटं शरीर आणि आखूड पाय. पण एका कवटीने जे केलं ते थोडं नाही. १८८५ साली रिचर्ड लायडेकर यांनी अशा आखूड तोंडाच्या उभयचरांचं एक स्वतंत्र कुळ मानलं आणि त्याला नाव दिलं ब्रॅकिऑपिडी, मांगलीच्या या प्राण्यावरून. त्या कुळातले प्राणी नंतर ऑस्ट्रेलियात सापडले, दक्षिण आफ्रिकेत सापडले. चीनमध्ये सापडलेला तर ज्युरासिक काळातला. कुळाच्या जवळच्या भाऊबंदांपैकी ऑस्ट्रेलियाचा कूलासुकस सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, डायनोसॉरांच्या सोबतीने, थंड नद्यांमध्ये टिकून होता. कुठेही या घराण्यातलं हाड निघालं, सिडनीच्या अभ्यासकाच्या हातात असो की बीजिंगच्या, त्याचं आडनाव मांगलीच्या कवटीवरून लागतं.

हे मी काकाजींना जमेल तसं सांगितलं. ते सुपारी कातरायची विसरले होते.

"मंग ते डोकं कुठं आहे आता?"

"लंडनले."

"कवा नेलं?"

मी हिशेब सांगितला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच सुमाराला ही कवटी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीकडे पोचली होती. नागपुरात आगगाडी यायला अजून १३ वर्षं होती, सुएझचा कालवा खुला व्हायला १५. ओवेन यांनी तिचं वर्णन केलं, हे तेच ओवेन ज्यांनी १८४२ साली डायनोसॉर हा शब्द घडवला. आज ती तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात आहे. नीट जपलेली आहे, अभ्यासकांना पाहायला मिळते, हे मी आवर्जून सांगितलं, कारण ते खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. इथे राहिली असती तर ओट्याची पायरी झाली असती, हेही शक्य आहे. पण गावात तिची खूण म्हणून काहीच नाही, साधी पाटीसुद्धा नाही, याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही. हिस्लॉप यांच्या नावाचं कॉलेज आहे. त्यांनी ज्याला उजेडात आणलं त्याच्या नावाची एक फरशी इथे असायला हवी.

आभाळ पुन्हा भरून आलं. पाण्याच्या पलीकडून बेडूक सुरू झाले, पहिल्या मोठ्या पावसात येतात ते पिवळेधमक नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एक अगदी जवळ होता. पोराने खाकी आकृती त्याच्या दिशेने धरली आणि एक डोळा मिटून दोघांची तोंडं जुळवून पाहिली.

"याचा आजा होय का तो?"

"चुलत आजा," मामा म्हणाले. "लय लांबचा. पण खटल्यातलाच."

बेडकांच्या पूर्वजांचं आणि या जुन्या उभयचरांचं नेमकं नातं कसं जोडायचं यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण त्या क्षणी मामांच्या उत्तरात दुरुस्ती करण्यासारखं मला काही वाटलं नाही.

ठसे असलेला तुकडा मी काकाजींकडेच दिला. आधी तो घरी न्यायचा मोह झाला होता, बॅगेत ठेवलाही होता, मग काढला. त्यांनी तो घरात नेऊन देवळीत, कंदिलाच्या शेजारी, ठसे बाहेर दिसतील असा उभा केला. चहा झाला. पोराने खाकी आकृती परत दिलीच नाही आणि मी मागितली नाही.

निघताना मी म्हटलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा प्लास्टरची कवटी करून आणीन, खरी दिसते तशी, शाळेत ठेवायला. काकाजी गाडीच्या खिडकीपर्यंत आले.

"आणजा," ते म्हणाले. "पण पांढरी नोका आणू जी. लाल आणजा, आपल्या गोट्यासारखी."